या शिंगराचा बाप कोण?

शिंगराच्या आयाळीतले वीस-तीस केस बोटाभोवती गुंडाळायचे आणि एका हिसक्यात उपटायचे. कात्रीनं कापायचे नाहीत, कारण कापलेला केस या कामाला निरुपयोगी. केसाची लांब काडी म्हणजे नुसतं निर्जीव प्रथिन. ज्या पेशींची गरज असते त्या मुळाशी, एका पांढुरक्या गाठीत असतात. केस उजेडात धरला की ही गाठ नुसत्या डोळ्यांनी दिसते. मोहरीच्या दाण्याहूनही लहान, किंचित ओलसर. पुरेशा केसांना गाठी आल्यात याची खात्री करून ते कोरडे ठेवायचे, पाकिटात घालायचे, वर शिंगराचं नाव आणि आई-बापांचे नोंदणी क्रमांक लिहून टपालात टाकायचं. प्रयोगशाळा उत्तर देते : जिच्या पोटी हे जन्मलं असं सांगितलं जातंय तीच याची आई आहे का, आणि कागदावर ज्या घोड्याचं नाव आहे तो याचा बाप असू शकतो का. मालकानं विचारलं तर ती आणखीही एक गोष्ट सांगते : या धडधाकट जनावराच्या पेशींमध्ये असा एखादा दोष दडलेला आहे का, ज्यापायी त्याचं एखादं पिल्लू जन्मल्यावर चार दिवसही धड जगणार नाही.

ही तपासणी आज अनेक जातींच्या घोड्यांची होते. पुण्यात रेसच्या घोड्यांची वंशनोंदवही ठेवली जाते, तिथेही शिंगराचं नाव चढण्याआधी डीएनएची साक्ष लागते. पण मला या साऱ्यात सर्वांत विलक्षण वाटते ती ओढकामाच्या घोड्यांची कहाणी. आपल्याकडे नांगर, मोट, गाडी हे सगळं बैलांनी ओढलं, त्यामुळे हे घोडे आपल्या ओळखीचे नाहीत. बेल्जियम, उत्तर फ्रान्स, इंग्लंड, स्कॉटलंड इथल्या भारी जमिनीत नांगर ओढायला, बंदरावरची पिपं वाहायला, जंगलातले ओंडके खेचायला शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या निवड करून हे प्रचंड प्राणी घडवले. बेल्जियन, पर्शेरॉन, शायर, क्लाइड्सडेल, सफोक पंच ही त्यांतली ठळक नावं. अमेरिकेत आयोवामध्ये ‘ब्रुकलिन सुप्रीम’ नावाचा बेल्जियन घोडा होता, १९२८ साली जन्मलेला. त्याचं वजन साडेचौदाशे किलोच्या घरात, खांद्यापाशी उंची साडेसहा फूट. आपले तीन खिल्लार बैल एका पारड्यात घातले तर दुसऱ्या पारड्यात हा एकटा पुरेल. असा घोडा आणि कमरेएवढं शेटलंड तट्टू एकाच प्राणिजातीचे आहेत, हे डोळ्यांना पटत नाही. आणि तरीही २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की घोड्यांच्या आकारमानात जो फरक आढळतो, त्यातल्या ८३ टक्के फरकाचा हिशेब जनुकसंचातल्या अवघ्या चार जागांवरून लागतो. तब्बल दोन अब्ज सत्तर कोटी अक्षरांच्या मजकुरातल्या फक्त चार जागा!

या घोड्यांचा बाप ओळखणं पूर्वी किती अवघड होतं, हे त्यांच्या पैदाशीची रीत कळल्यावर लक्षात येतं. इंग्लंड-स्कॉटलंडात वसंत लागला की पैदाशीचा घोडा घेऊन एक माणूस पायी निघायचा. घोडा खरारा करून चकाकवलेला, शेपटीला रिबिनी. ठरलेली वाट, ठरलेले वार. या गावी सोमवारी, त्या सरायीत मंगळवारी. शेतकरी आपापल्या घोड्या घेऊन वाटेवर थांबत. घोडी भरवली की तो माणूस वहीत टिपण करायचा. घोडी साधारण तीन आठवड्यांनी पुन्हा माजावर येते. ती फळली नाही अशी शंका आली आणि तेवढ्यात त्याच वाटेनं दुसऱ्या मालकाचा घोडा येऊन गेला, तर? गाभण काळ अकरा महिन्यांचा, पण दोन आठवडे पुढेमागे सहज होतात. शिंगरू जन्मलं तर त्याच्या बापाचं नाव म्हणून शेतकरी जे सांगेल ते. त्यात लबाडी असेलच असं नाही. बहुतेक वेळा माणूस मनापासून खरंच सांगत असणार, पण त्याला जे माहीत आहे तेवढंच. वंशनोंदवहीत, म्हणजे स्टडबुकात, एकदा नाव चढलं की ते छापील सत्य व्हायचं आणि पुढच्या दहा पिढ्या त्याच्यावर उभ्या राहायच्या.

शिवाय या नावावर पैसा उभा असायचा. ‘फार्सर’ नावाचा बेल्जियन नर बेल्जियममधून अमेरिकेत आला आणि १९१७ साली आयोवात लिलावात ४७,५०० डॉलरला विकला गेला. पहिलं महायुद्ध चालू असतानाचे हे डॉलर आहेत. ट्रॅक्टर दाराशी येऊन ठेपला असताना शेतकरी एका घोड्यावर एवढी रक्कम लावत होते, कारण त्याच्या एकेका शिंगराला दाम मिळत होतं. अमेरिकेतल्या आजच्या बेल्जियन घोड्यांची वंशावळ मागं मागं चाळत गेलं की हे नाव पुन्हा पुन्हा भेटतं. एका नराचा असा हजारो वंशजांत होणारा पसारा हाच या साऱ्या विषयाचा गाभा आहे. चांगलं रक्त ज्या वेगानं पसरतं, त्याच वेगानं त्यातली लपलेली खोटही पसरते. खोट बाहेरून दिसत नाही म्हणून ती निवांतपणे पसरते.

बापाची पारख कागदापलीकडे नेण्याचा पहिला खरा मार्ग रक्तातून सापडला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या प्रयोगशाळेत क्लाइड स्टॉर्मोंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी गुरांचे आणि पुढे घोड्यांचे रक्तगट शोधून काढले. माणसाच्या ए-बी-ओसारखे घोड्याचेही गट असतात, आणि अनेक. शिंगराच्या रक्तात असलेला एखादा गट आईतही नसेल आणि सांगितलेल्या बापातही नसेल, तर तो बाप खोटा. १९९०च्या दशकात रक्ताची जागा डीएनएनं घेतली आणि मग हे काम थक्क करणाऱ्या बारकाव्यावर गेलं.

डीएनएत ठिकठिकाणी असे पट्टे असतात जिथं दोन-तीन अक्षरं एखाद्या जपासारखी पुन्हा पुन्हा येत राहतात. त्यांना मायक्रोसॅटेलाइट म्हणतात. किती वेळा पुनरावृत्ती व्हायची याला काही धरबंध नसतो. एका घोड्यात ती पंधरा वेळा, दुसऱ्यात अठरा वेळा. या पट्ट्यांमधून शरीर काही बनवत नाही, त्यामुळे ते लांबले-आखडले तरी घोड्याचं काही बिघडत नाही, आणि म्हणूनच त्यांत एवढं वैविध्य साठलं आहे. जगभरच्या प्रयोगशाळांनी घोड्यासाठी बारा पट्टे ठरवून घेतले आहेत. पीसीआरनं तेवढ्याच जागेच्या लक्षावधी प्रती काढायच्या आणि लांबी मोजायची. प्रत्येक लांबीला इंग्रजी वर्णमालेतलं एक अक्षर दिलेलं आहे. मधल्या लांबीला ‘एम’, त्याहून आखूड ती ‘एल’, ‘के’ अशी मागे, लांब ती ‘एन’, ‘ओ’ अशी पुढे. त्यामुळे केंटकीतल्या प्रयोगशाळेनं लिहिलेलं अक्षर फ्रान्समधली प्रयोगशाळा तसंच वाचते.

आता एक पट्टा जवळून पाहू. त्याचं नाव ‘व्हीएचएल-२०’. प्रत्येक घोड्याकडे त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. समजा, घोडीकडे ‘एल’ आणि ‘एन’ आहेत. शिंगराकडे ‘एन’ आणि ‘क्यू’. ‘एन’ आईनं दिला हे उघड आहे. मग ‘क्यू’ बापाकडूनच आलेला असणार, कारण तिसरं कुणी देणारं नाही. कुरणात दोन नर होते. पहिल्याकडे ‘एम’ आणि ‘एन’. त्याच्याकडे ‘क्यू’च नाही, तर तो देणार कुठून? दुसऱ्याकडे ‘एल’ आणि ‘क्यू’. तो टिकला. पण एका पट्ट्यावर टिकला म्हणजे बाप ठरला असं नाही. ‘क्यू’ बाळगणारे घोडे पुष्कळ असतील. म्हणून हाच प्रश्न बारा वेळा विचारायचा. चुकीचा घोडा एका पट्ट्यावर नशिबानं निसटेल, दोनवर निसटेल, पण बाराही ठिकाणी निसटणं जवळपास अशक्य.

यातली एक शिस्त मला फार आवडते. प्रयोगशाळा कधीच ‘हाच बाप’ असं लिहून देत नाही. ती एवढंच म्हणते की हा घोडा बाप म्हणून पात्र ठरतो, किंवा बाद होतो. बाद करणं ठामपणे जमतं. स्वीकारणं हे नेहमी ‘दिलेल्या नावांपैकी बाद न झालेला’ एवढंच असतं. एकाच पट्ट्यावर विसंगती आली तर लगेच बाद करत नाहीत, कारण पट्ट्याची लांबी पिढी बदलताना क्वचित स्वतःहूनही एका पायरीनं बदलते. मग जादा पट्टे तपासले जातात. दोन सख्खे भाऊ एकाच कुरणात असतील तर गुंता खरा वाढतो, कारण दोघांनी त्याच आई-बापांची अक्षरं वाटून घेतलेली असतात आणि बारा पट्टे त्यांना वेगळं करायला अपुरे पडू शकतात. जड घोड्यांच्या लहान लहान जातींत, जिथं सगळेच एकमेकांचे नातलग, हा प्रश्न नुसता पुस्तकी नाही. म्हणून आता लांबी मोजण्याऐवजी शेकडो ठिकाणची एकेक अक्षरं वाचण्याकडे प्रयोगशाळांचा कल चालला आहे.

डीएनए येण्याच्या कितीतरी आधी जाणत्या पैदासकारांकडे बाप पारखण्याची एक फुकटची कसोटी होती : रंग. सफोक पंच ही इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याकडची जात. तिच्यातला प्रत्येक घोडा तांबूस असतो, कुणी फिका, कुणी गडद, कुणी जवळजवळ काळपट; पण आयाळीपासून खुरापर्यंत तांबूसच. १९९६ साली यामागचं जनुक कळलं. काळं रंगद्रव्य बनवण्याचा हुकूम देणाऱ्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या की घोडा तांबूस होतो. मग तांबूस आई आणि तांबूस बाप यांच्याकडे द्यायला दुसरं काही नसतंच. त्यांचं शिंगरू काळं निघालं तर आणखी कोणताही पुरावा नको, कुंपण ओलांडून कुणीतरी आलं होतं. पर्शेरॉनची गोष्ट याच्या उलट. ही फ्रान्समधल्या पर्श प्रांतातली जात, घोडे काळे किंवा करडे. करडा घोडा जन्मतो गडद, आणि वर्षागणिक पांढरा होत जातो. हे करडेपण देणारी एकच प्रत पुरते, त्यामुळे ती लपून राहू शकत नाही. करड्या शिंगराच्या आई-बापांपैकी एक तरी करडा असलाच पाहिजे. २००८ साली स्वीडनमधल्या उप्सालाच्या संशोधकांनी या करडेपणाचं मूळ शोधलं : डीएनएचा साधारण ४,६०० अक्षरांचा एक तुकडा दोनदा लिहिला गेला आहे. आणि जगातल्या सगळ्या करड्या घोड्यांत, मग तो नाजूक अरबी असो की टनभर वजनाचा पर्शेरॉन, तीच चूक त्याच जागी आहे. हजारो वर्षांपूर्वीच्या कुठल्या तरी एका घोड्यापासून हे सगळे पांढरे झाले.

अमेरिकन क्रीम ड्राफ्ट या जातीची गंमत अशी की तिच्या मूळ घोडीचे आई-बाप कुठल्याच कागदावर नाहीत. १९११ साली आयोवातल्या एका शेतावरच्या लिलावात हॅरी लेकिन या घोड्यांच्या व्यापाऱ्यानं ‘ओल्ड ग्रॅनी’ विकत घेतली. सायीच्या रंगाची, गुलाबी कातडीची, मधाळ डोळ्यांची घोडी. तिची शिंगरंही त्याच रंगाची निघत आणि चांगल्या भावानं विकली जात. त्यांतून जात उभी राहिली, १९४४ साली संघटना झाली, आणि नंतर ट्रॅक्टरांच्या लाटेत ती जवळपास बुडाली. १९८०च्या दशकात उरलेल्या मालकांनी पुन्हा एकत्र येऊन केंटकी विद्यापीठाकडून घोड्यांची रक्ततपासणी करून घेतली. मोठा प्रश्न असा होता की ही वेगळी जात म्हणायची का, की बेल्जियनचाच एक फिका रंग? उत्तर आलं ते मालकांच्या काळजाला गारवा देणारं होतं. ओढकामाच्या घोड्यांत या क्रीम घोड्यांचा स्वतंत्र गट पडत होता, आणि बेल्जियनशी त्यांची जवळीक पर्शेरॉन किंवा सफोकशी होती त्याहून जास्त नव्हती. पुढे २००८ मध्ये त्यांच्या रंगाचं जनुकही सापडलं, आणि ते नेहमीच्या सायीच्या रंगाचं निघालंच नाही. ते ‘शॅम्पेन’ नावाचं वेगळंच जनुक होतं. म्हणून तर या शिंगरांचे डोळे जन्मतः निळसर असतात आणि मोठेपणी मधाळ होतात. वंशावळीचं पहिलं पान कोरं असलेल्या घोड्यांची ओळख शेवटी त्यांच्या रक्तानंच पटवली.

आता या तपासणीची दुसरी बाजू, आणि ती फार वेदनेची आहे.

बेल्जियन घोडी व्याली. दिवस भरलेले, शिंगरू पुऱ्या वाढीचं, उठायची धडपड करणारं. पण त्याचे पुढचे दात जन्मतःच हिरडीबाहेर आलेले असतात. जाणत्या माणसाच्या पोटात तिथंच धस्स होतं. तोंडात फोड दिसतात. एक-दोन दिवसांत गुडघे, घोटे, पुठ्ठा, जिथं जिथं अंग जमिनीला घासतं तिथली कातडी सुटू लागते. मग खुरांच्या कडेला रक्त दिसतं आणि खूर सुटून येतात. औषध नाही. त्याला शांतपणे मरण देणं एवढंच हातात उरतं. या आजाराला ‘जेईबी’ म्हणतात. वरची कातडी आणि आतला थर यांना जोडणारं लॅमिनिन नावाचं प्रथिन असतं, तेच या शिंगरांत तयार होत नाही. माणसाच्या काही बाळांतही हाच आजार होतो. फुलपाखराच्या पंखासारखी हळवी कातडी म्हणून त्यांना फुलपाखरू-बाळं म्हणतात.

२००२ आणि २००३ साली या आजाराचं कारण सापडलं, आणि ते एवढंसं आहे की वाचून हात थबकतो. लॅमिनिनचा एक धागा बनवण्याची कृती ज्या जनुकात आहे, त्यात एक अक्षर जास्तीचं घुसलं आहे. एक ‘सी’. हजारो अक्षरांच्या कृतीत एका जादा अक्षरानं एवढं काय बिघडतं? पेशी डीएनए तीन-तीन अक्षरांनी वाचते आणि मध्ये जागा सोडलेली नसते. ‘कमलसमजनजरसरळ’ हे तीन-तीन अक्षरांनी वाचलं तर कमल, समज, नजर, सरळ. आता ‘कमल’नंतर एकच ‘त’ घाला आणि पुन्हा तीन-तीननं वाचा : कमल, तसम, जनज, रसर आणि शेवटी एकटा उरलेला ळ. चूक एका जागी, पण तिच्यापुढचं सगळं निरर्थक. घोड्याच्या पेशीत हे निरर्थक वाचन थोडं पुढं गेल्यावर अकालीच ‘थांबा’ अशी खूण लागते आणि प्रथिन अर्धवट सुटतं.

बिघडलेली एकच प्रत असली तर घोड्याला काहीही होत नाही. चांगली प्रत पुरेसं प्रथिन बनवते. असा वाहक घोडा प्रदर्शनात पहिलं बक्षीस घेऊ शकतो, आयुष्यभर नांगर ओढू शकतो. दोन वाहक एकत्र आले की मात्र दर चार शिंगरांमागे सरासरी एकाला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळतात. आजार कुठून आला हे कळायचं कसं? घोडीला वर्षाला एकच शिंगरू, त्यातही तीन धडधाकट निघायची. मालक म्हणायचा, दुर्दैव. पुढच्या वर्षी त्याच घोड्याकडे घोडी न्यायचा.

यातली सर्वांत चकित करणारी गोष्ट ही की फ्रान्समधल्या ब्रेटन आणि कोंत्वा या ओढकामाच्या जातींतही आजारी शिंगरं तपासली, तेव्हा तेच जादा ‘सी’ त्याच जागी सापडलं. अशी चूक एकाच ठिकाणी दोनदा आपोआप होणं जवळपास अशक्य. म्हणजे या जातींचा कुठला तरी पूर्वज एकच होता. वेगवेगळ्या नोंदवह्या, वेगवेगळी नावं, प्रत्येकीला आपल्या शुद्धतेचा अभिमान, आणि खाली पेशीत सामायिक बापाची सही.

दुसरा दोष वेगळ्या स्वभावाचा आहे. जुन्या काळी घोडेवाले एका दुखण्याला सोमवार सकाळचा आजार म्हणत. आठवडाभर घोडा राबायचा, रविवारी गिरिजाघराची सुट्टी. घोडा तबेल्यात उभा, पण चंदी मात्र नेहमीएवढीच भरपूर. सोमवारी जोतात घातला की थोडं चालल्यावर घामानं थबथबायचा, पुठ्ठ्याचे स्नायू लाकडासारखे कडक व्हायचे, मूत्र काळ्या कॉफीसारखं. कधी घोडा खाली बसायचा आणि उठायचाच नाही. २००८ साली मिनेसोटा विद्यापीठात मॉली मॅक्यू, स्टेफनी व्हाल्बर्ग आणि सहकाऱ्यांनी या दुखण्याच्या एका मोठ्या प्रकाराचं कारण शोधलं. स्नायूत साखर साठवणारं एक विकर, त्यातलं एकच घटक-अक्षर बदललेलं. ते विकर थांबायचं विसरतं; साखर साठवत सुटतं. या बदलाचं वय संशोधकांनी मोजलं ते हजार वर्षांहून जास्त निघालं. म्हणजे आजच्या जातींना नावं पडण्याच्या कितीतरी आधीचं.

इथं एकच प्रत पुरते. आणि बेल्जियममधल्या ट्रेकपार्ड या ओढकामाच्या घोड्यांत तपासलेल्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त घोड्यांत हा बदल सापडला. शायरमध्ये मात्र तो नाममात्र. बेल्जियमच्या बाबतीत दोष असलेले सगळे घोडे पैदाशीतून काढायचे म्हटलं तर जातच संपेल. संशोधकांचा अंदाज असा की कमी चाऱ्यावर रोज ढोरमेहनत करणाऱ्या घोड्याला साखर साठवण्याचा हा गुण कधीकाळी फायद्याचाच ठरला असावा. आज मेहनत गेली आणि चंदी राहिली, म्हणून तो गुण उलटला. त्यामुळे उपायही तबेल्यातलाच आहे : धान्य कमी, गवत आणि थोडं तेल जास्त, आणि रोज न चुकता काम. नुसतं रविवारीही अंग मोकळं करून आणलं, तरी कितीतरी घोडे हा दोष घेऊन सुखानं म्हातारे होतात. चाचणीचं उत्तर घोडा फेकून देण्यासाठी नसतं, त्याला नीट सांभाळण्यासाठी असतं, हे इथं जितकं लख्ख दिसतं तितकं क्वचितच कुठं दिसत असेल.

बाजारात मिळणारी प्रत्येक चाचणी मात्र सारखी विश्वासाची नाही. स्नायूंच्या याच प्रकारच्या दुसऱ्या एका दुखण्यासाठी काही कंपन्या जनुकचाचण्या विकत होत्या. व्हाल्बर्ग यांच्या गटानं त्या चाचण्यांची उत्तरं स्नायूच्या तुकड्याच्या प्रत्यक्ष तपासणीशी ताडून पाहिली, तेव्हा दोहोंचा मेळ बसला नाही. शायर-क्लाइड्सडेलच्या केसाळ पायांना येणारी जुनाट सूज आनुवंशिक असल्याचं दिसतं, पण तिच्यासाठी अशी सरळ चाचणी नाही. केस उपटून पाठवला म्हणजे सगळं कळलं, असं कुणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये.

मग पैदासकारानं करायचं काय? जेईबीच्या वाहकाला पैदाशीतून हद्दपार करावं, असं पहिल्या झटक्यात वाटतं. माझं ठाम मत याच्या विरुद्ध आहे. सफोक पंचकडे पाहा. आजचे सगळे सफोक नर बापाच्या बाजूनं १७६८ साली जन्मलेल्या एकाच घोड्यापर्यंत पोहोचतात. उफर्ड गावच्या क्रिस्प यांचा तो घोडा. या जातीची संघटना १८७७ सालची, आणि तिच्या वह्या इतक्या नेकीनं राखलेल्या की ही साखळी सबंध मिळते. पण दुसऱ्या महायुद्धानंतर यंत्रांनी शेतं घेतली आणि १९६६ साली संपूर्ण जातीत फक्त ९ शिंगरांची नोंद झाली. अशा अरुंद पुलावरून आलेल्या जातीत एकेका घोड्याचं रक्त अनमोल असतं. त्यातल्या कुणाला एका लपलेल्या दोषासाठी बाद केलं, तर त्याच्यासोबत त्याच्यातलं दुसरं सगळं दुर्मीळ धनही जातं, आणि उरलेल्या मोजक्या घोड्यांची आपसांतली नाती आणखी घट्ट होतात. म्हणजे पुढचा लपलेला दोष वर यायची वाट आपणच मोकळी करतो.

वाहक घोडीला निर्दोष नराकडे न्यावं. एकही शिंगरू आजारी होणार नाही. अर्धी वाहक निघतील, अर्धी स्वच्छ. त्यांचे केस पाठवावेत, आणि पुढच्या पिढीसाठी, बाकी गुण सारखे असतील तर, स्वच्छ निघालेलं ठेवावं. दोन-तीन पिढ्यांत दोष विरळ होतो आणि रक्त टिकून राहतं. यासाठी दोन गोष्टी मात्र अटळ आहेत. निकाल लपवायचा नाही, आणि शिंगराचा बाप खरोखर तोच आहे हे आधी पडताळायचं. कारण बापच चुकीचा लिहिला असेल तर निर्दोष नराची निवड नुसती कागदावर राहते. सफोकच्या मालकांनी आता नात्याचा हिशेब मांडून जोड्या जुळवायला सुरुवात केली आहे, आणि २०२० साली इंग्लंडमध्ये लिंगनिवड केलेल्या वीर्यापासून या जातीचं पहिलं मादी शिंगरूही जन्माला आलं. तिच्यासारख्या घोडीसाठी नर निवडताना ‘कुणाचा घोडा सर्वांत देखणा’ यापेक्षा ‘कुणाचा घोडा तिच्यापासून सर्वांत दूरच्या नात्यातला’ हा प्रश्न आधी विचारला जाईल.